बेशुद्धीपर्यंतचे सेकंद

सापळ्यातला प्राणी मेला की नाही, हे तो हलायचा थांबला यावरून आपण ठरवतो. सापळ्यांची चाचणी घेणारा संशोधक त्याच्या डोळ्याला हात लावून बघतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला स्पर्श झाला की पापणी मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या खोडातून चालते. ती बंद पडली, श्वासाची लय तुटली, की प्राण्याला आता काही जाणवत नाही असं धरतात. त्यानंतरही हृदय काही मिनिटं चालू राहू शकतं, पाय झाडले जाऊ शकतात. पाय झाडणं हे बऱ्याचदा मज्जारज्जूचंच काम असतं, त्याला जाणीव लागत नाही. उलट भीतीने किंवा थकून निपचित पडलेला प्राणी पुरता शुद्धीवर असू शकतो. म्हणून या क्षेत्रात घड्याळ लावतात ते बेशुद्धीपर्यंत. प्राण कधी गेला, हा नंतरचा प्रश्न.

हे घड्याळ लावायला माणसाला फार उशीर झाला. १८६३ साली चार्ल्स आणि एमा डार्विन यांनी ब्रिटनमधल्या दातेरी लोखंडी सापळ्यांविरुद्ध एक आवाहन प्रसिद्ध केलं होतं. पाय चिरडलेल्या अवस्थेत अख्खी रात्र काढणं म्हणजे काय, याची वाचकाने कल्पना करावी, असा त्यांचा रोख होता. इंग्लंडमध्ये त्या सापळ्यावर बंदी आली ती १९५८ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी.

साधारण त्याच सुमारास कॅनडात फ्रँक कोनिबेअर या माणसाचा सापळा बाजारात येत होता. कोनिबेअर स्वतः कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या जंगलात फरसाठी सापळे लावत आलेला. सापळ्याची रचना बघण्यासारखी आहे. जाड तारेच्या दोन चौकटी, मध्ये बिजागरीसारख्या जोडलेल्या, बाजूला स्प्रिंग. सापळा लावला की दोन्ही चौकटी एकमेकींवर येतात आणि एक चौकोनी दार तयार होतं. दारात दोन बारीक तारा लोंबतात. प्राणी आत शिरताना त्या ढकलतो, खटका सुटतो आणि चौकटी कात्रीसारख्या फिरून त्याच्या मानेवर किंवा छातीवर बसतात. पाय पकडून ठेवायचा नाही, जागच्या जागी मारायचं, ही यामागची कल्पना.

असा सापळा किती लवकर काम करतो, हे दोन गोष्टींवर ठरतं: फटका किती जोराचा बसला आणि त्यानंतर दाब किती टिकला. फटक्याने कवटी किंवा मानेचा मणका गेला तर प्रश्न लगेच मिटतो. तसं झालं नाही तर सगळी भिस्त दाबावर. १९४३ साली अमेरिकेत तरुण स्वयंसेवकांच्या मानेभोवती फुगवता येणारा पट्टा बांधून मेंदूचा रक्तपुरवठा अचानक रोखून बघितला होता. साधारण सहा-सात सेकंदांत ते बेशुद्ध झाले. हे वाचून वाटेल, मान आवळली की झालं. पण कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांत मानेच्या पुढच्या रोहिण्या दाबल्या तरी मणक्यांच्या आडून जाणाऱ्या रोहिण्या मेंदूला रक्त पोचवत राहतात. त्यामुळे कोल्हा किंवा कोयोटी (उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) तारेच्या फासात अडकला तर बेशुद्धी लांबते. फास स्वस्त आणि हलका, म्हणून तो अजूनही वापरात आहे.

१९९१ मध्ये युरोपीय समुदायाने पाय पकडणारे सापळे बंद करायचं ठरवलं आणि ते वापरणाऱ्या देशांची फरही नको म्हटलं. त्यातून वाटाघाटी झाल्या आणि १९९७ मध्ये युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांचा मानवीय सापळ्यांबाबतचा करार झाला. यात १९ जाती आहेत. मारणाऱ्या सापळ्याने अर्मिन या लहानशा, लांबुडक्या मांसाहारी प्राण्याला ४५ सेकंदांत, मार्टेन आणि सेबल या त्याच्याच कुळातल्या मोठ्या प्राण्यांना १२० सेकंदांत आणि बाकीच्यांना ३०० सेकंदांत बेशुद्ध करावं, अशी अट. चाचणीतल्या प्राण्यांपैकी किमान ८० टक्क्यांनी ती पुरी केली की सापळा पास. चाचणीला किमान १२ प्राणी लागतात. म्हणजे १२ पैकी दोघांना त्याहून जास्त वेळ लागला तरी चालतं.

३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं. पुढे ही मर्यादा १८० वर आणायचा विचार व्हावा, असं करारातच लिहिलेलं आहे. माझ्या मते हा आकडा प्राण्याच्या शरीराने ठरवलेला नाही, तडजोडीने ठरवलेला आहे. तरी तो लिहिला गेला हे बरं झालं, कारण आकडा असला की सापळा नापास करता येतो. कॅनडात अल्बर्टातल्या व्हेग्रेव्हिल इथे या चाचण्या होतात. आता काही जातींसाठी फटका आणि दाब मोजून संगणकावरच निकाल काढतात, त्यामुळे तेवढे प्राणी वाचतात.

पाण्यातलं गणित वेगळं. बीव्हर आणि मस्करॅट या पाण्यात वावरणाऱ्या, उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांना पाण्याखाली अडकवून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. बुडताना रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि प्राणी गुंगीत जातो, असं तिचं समर्थन केलं जाई. पण हे प्राणी पाणबुडे. बुडी मारली की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि प्राणवायू पुरवून वापरला जातो. १९८२ साली गिल्बर्ट आणि गॉफ्टन यांनी मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्या तेव्हा त्या थांबायला मस्करॅटला सुमारे चार आणि बीव्हरला सुमारे नऊ मिनिटं लागल्याचं दिसलं. १९९९ मध्ये काही पशुवैद्यकांनी दाखवून दिलं की गुंगी येण्याइतका कार्बन डायऑक्साइड साठण्याआधी प्राणी प्राणवायूविना तडफडतो. अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटना बुडवून मारणं मान्य करत नाही.

आणि प्राणी जिवंतच सापडला तर? करार सापळ्याबद्दल आहे. माणूस तिथे पोचल्यावर काय करतो यावर तो फारसं बोलत नाही. डोक्यात नेमकी बसलेली गोळी सर्वांत जलद. गोळी मेंदूचा चुराडा करते तो वेळ वेदनेचा संदेश मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असतो. त्यासाठी डोळ्यापासून विरुद्ध बाजूच्या कानापर्यंत दोन रेषा कल्पून त्या छेदतात त्या सुमाराला नेम धरतात. पण गोळीने कातड्याला भोक पडतं, फरवर रक्त येतं आणि भाव उतरतो. म्हणून छातीवर गुडघा किंवा पाय देऊन मारण्याची रीत अनेक सापळेवाल्यांत चालत आली. शुद्धीवरच्या प्राण्यासाठी ही पद्धत पशुवैद्यकांनी नाकारलेली आहे. धंद्याची आणि दयेची सरळ गाठ पडते ती इथे, आणि कुठलाही प्रमाणित सापळा ती सोडवत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळा लावणं हीसुद्धा शिकारच. ब्रशांसाठी मुंगसं मारली जातात ती चोरून. पण उंदीर घराघरात पकडले जातात आणि पिंजरा बादलीत बुडवणं हा अगदी घरगुती रिवाज आहे. उंदीर चांगला पोहतो, त्यामुळे वरचं विज्ञान त्यालाही लागू पडतं. चिकट पुठ्ठा त्याहून वाईट, तिथे तास मोजावे लागतात. मारायचाच असेल तर कडक स्प्रिंगचा, मानेवर बसणारा चाप या सगळ्यांत जलद. जुन्या चापाची स्प्रिंग ढिली पडली असेल तर फटकाही कमी बसतो आणि दाबही टिकत नाही. तो टाकून नवा घ्यावा.