नोहाच्या गोष्टीसाठी निनवेपर्यंत

बायबलमधली नगरं जमिनीखाली शोधायची आणि सापडेल ते सामान्य माणसांसमोर मांडायचं, यासाठी अमेरिकेतल्या काही शहरांत आजही हौशी मंडळींच्या संस्था चालतात. या परंपरेचं मूळ शोधताना लंडनला जावं लागतं.

तिथे १८६५ मध्ये 'पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड' निघाला. पाच वर्षांनी, डिसेंबर १८७० मध्ये, 'सोसायटी ऑफ बिब्लिकल आर्किऑलॉजी' स्थापन झाली. ब्रिटिश म्युझियमचे सॅम्युएल बर्च तिचे अध्यक्ष. सभेत निबंध वाचायचे, मग ते छापायचे, असा रिवाज. हे सगळं चार विद्वानांपुरतंच राहिलं असतं. तसं झालं नाही, ते जॉर्ज स्मिथमुळे.

स्मिथ विद्यापीठात शिकलेला नव्हता. चौदाव्या वर्षी तो नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. जेवणाच्या सुट्टीत तो म्युझियम गाठायचा आणि आजच्या इराकमधल्या निनवे या प्राचीन नगरीतून आलेल्या मातीच्या पाट्यांसमोर बसायचा. त्या पाट्यांवरची कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांची, लिपी तो स्वतःच शिकला. त्याची नजर हेरली हेन्री रॉलिन्सन यांनी. मुंबई इलाख्याच्या फौजेतून कारकीर्द सुरू केलेले हेच रॉलिन्सन पुढे इराणमधल्या बेहिस्तूनच्या कीलाकार शिलालेखामुळे नावाजले.

१८७२ मध्ये पाट्या निवडताना एक तुकडा स्मिथच्या हाती आला. आकाराने पंजाएवढा, त्यावर चुन्यासारखा थर बसलेला. तो साफ झाल्यावर ओळी दिसू लागल्या: जहाज डोंगराला टेकलं, कबूतर सोडलं, बसायला जागा न मिळाल्याने ते परत आलं. बायबलमधल्या जलप्रलयातून वाचलेल्या नोहाची आणि त्याच्या तारवाची, म्हणजे जहाजाची, गोष्ट ऐकत वाढलेल्या त्या माणसाला हे वाचताना काय वाटलं असेल!

३ डिसेंबर १८७२ रोजी सोसायटी ऑफ बिब्लिकल आर्किऑलॉजीच्या सभेत त्याने या तुकड्यावरचा निबंध वाचला. पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. बायबलला आधार मिळावा अशी अनेक सभासदांची अपेक्षा होती, आणि त्यांच्याच व्यासपीठावर जलप्रलयाची एक वेगळी, बॅबिलोनी कथा वाचली गेली. मूळ कथा हाती आलेल्या पाटीहून कितीतरी जुनी असल्याचं स्मिथ सांगत होता. संस्थेने हे झाकलं नाही, छापून प्रसिद्ध केलं. तिच्या साऱ्या कामात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पाटीवरच्या बऱ्याच ओळी तुटलेल्या होत्या. उरलेला भाग शोधायला 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने एक हजार गिनी (तेव्हाचं ब्रिटिश चलन) देऊ केल्या. यामागे होते त्या वृत्तपत्रातले एडविन अर्नोल्ड, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या दिवसांत पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य. त्याच कॉलेजला पुढे डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं, आणि आज ते पुरातत्त्वासाठीच ओळखलं जातं. हा धागा मराठी वाचकांपर्यंत फारसा आलेला नाही.

मे १८७३ मध्ये स्मिथला निनवेच्या ढिगाऱ्यात जलप्रलयाच्या कथेचा तुकडा मिळाला. तो दुसऱ्याच काव्यातला असल्याचं नंतर उघड झालं. वर्तमानपत्राला मात्र हवी ती बातमी मिळाली होती. त्यांनी मोहीम आवरती घेतली. तिसऱ्या प्रवासात, १८७६ च्या ऑगस्टमध्ये, आमांशाने अलेप्पोजवळ स्मिथचा मृत्यू झाला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

संस्था पुढे चार दशकांहून अधिक काळ चालली. १९१९ मध्ये ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत विलीन झाली. या रॉयल एशियाटिकचीच मुंबई शाखा तेव्हा आपल्या टाउन हॉलमध्ये होती.