वायपरची मोटर की व्हीलचेअरची? मोठ्या मॉडेल रणगाड्यांतल्या वादाची पार्श्वभूमी

रिमोटवर चालणारा १:६ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश आकाराचा, रणगाडा बांधायला घेतला की पुण्यात आजही दोन तट पडतात. एकाचा भरवसा वायपरच्या मोटरवर, दुसऱ्याचा व्हीलचेअरच्या किंवा ई-स्कूटरच्या मोटरवर.

१:१६ मापाचे जपानी रणगाडे १९७०च्या दशकापासून आहेत, पण त्यांचं छोट्या मोटरवर भागतं. १:६ मध्ये सांगाडाच मीटरभर लांब होतो आणि वजन शंभर किलोपर्यंत जातं. त्यासाठी मोटर दुसऱ्याच धंद्यातून आणावी लागली. विजेची व्हीलचेअर दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडात विकसित झाली. तिच्या दोन्ही चाकांना वेगळी मोटर, म्हणजे वळण्याची रीत रणगाड्याचीच. परदेशात म्हणूनच मॉडेलांत तिची मोटर रुळली. इथे ती महाग पडायची, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात ट्रक-बसच्या २४ व्होल्टच्या वायपर मोटरी भंगाराच्या भावात मिळायच्या.

वायपरची मोटर दणकट असते, हे खरं. पण ती मुळात एकाच दिशेने फिरायला बनवलेली असते. तिच्यात तीन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, असतात आणि जास्त वेगाचा ब्रश मुद्दाम तिरका बसवलेला असतो. डावी-उजवी मोटर समोरासमोर बसवली की रणगाडा पुढे जाताना त्यांतली एक उलटीच फिरते. तिरक्या ब्रशवर दोघींचे वेग जुळत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते. त्याहून धोक्याची गोष्ट अर्थिंगची. अशा बऱ्याच मोटरींचा एक ब्रश थेट बॉडीला जोडलेला असतो. दोन मोटरी विरुद्ध पोलॅरिटीने एकाच लोखंडी सांगाड्यावर कसल्या की सांगाड्यातूनच शॉर्ट होतो. नायलॉनचे वॉशर घालून बॉडी वेगळी केल्याशिवाय बॅटरी जोडूच नये.

शेवटचा निकाल वेगाच्या हिशोबात लागतो. १९६५च्या युद्धात आपल्याकडे असलेला सेंच्युरियन रणगाडा ताशी ३५ किलोमीटर पळायचा. त्याचा सहावा भाग ताशी सहा, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. ११ सेंटिमीटर व्यासाच्या स्प्रॉकेटला, म्हणजे रणगाड्याचा ट्रॅक (साखळीपट्टा) ओढणाऱ्या दातेरी चाकाला, त्यासाठी मिनिटाला सुमारे २९० फेरे हवेत. वायपरची मोटर ४० ते ७० फेरे देते, म्हणजे ताशी दीड किलोमीटरही नाही. चेन-स्प्रॉकेटने वेग वाढवता येतो, पण तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घटतो, आणि टॉर्कची खरी परीक्षा जागच्या जागी वळताना असते. तेव्हा पूर्ण ट्रॅक जमिनीवर आडवा घासतो. डांबरावर नीट वळणारी गाडी मुरमाड मैदानात रुतते, करंट भडकतो आणि मोटरीची वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर जळतो. नुसते वॅट वाचून मोटर घेणारे इथेच फसतात.

ई-स्कूटर आल्यावर २४ व्होल्ट, २५० वॅटची गिअरबॉक्ससकट मोटर सहज मिळू लागली. तिचे फेरे तीनशेच्या आसपास, म्हणजे वरच्या हिशोबात जवळजवळ तंतोतंत बसणारे. ती दोन्ही दिशांना फिरवता येते आणि ब्रशही बदलता येतात. माझ्या मते ट्रॅकपुरता वाद तिथेच मिटायला हवा होता. अलीकडे ई-बाइकच्या ब्रशलेस (बिनब्रशच्या) मोटरीही लोक बसवतात. पण फिरत्या भागाची जागा ओळखणारे हॉल सेन्सर नसतील तर अगदी हळू निघताना त्या अडखळतात, आणि रणगाडा बघायला गोड वाटतो तो नेमका तेव्हाच.

वायपरच्या मोटरची जागा बुरुजाखाली, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या वरच्या भागाखाली, आहे. तिथे हळू फिरणंच हवं असतं, आणि तिच्या वर्म गिअरमुळे (स्क्रूसारख्या गिअरमुळे, जो उलटा ढकलून फिरत नाही) वीज तोडली की बुरूज त्याच कोनात पक्का राहतो, गाडी उतारावर असली तरी.