बार्सिलोना १९९२ : लिथुएनियाचा बास्केटबॉल संघ

स्वातंत्र्य परत मिळवल्यानंतर लिथुएनियाने बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उतरवलेला पुरुष बास्केटबॉल संघ. ८ ऑगस्ट १९९२ रोजी या संघाने माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाला ८२-७८ असे हरवून कांस्यपदक जिंकले. स्वतःच्या झेंड्याखाली लिथुएनिया याआधी ऑलिंपिकला उतरला होता तो १९२८ साली, अ‍ॅमस्टरडॅमला.

बार्सिलोनाच्या बास्केटबॉलची आठवण निघाली की अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’चेच नाव पुढे येते. मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड एकाच संघात होते, तेव्हा ते साहजिकच आहे. मात्र त्या संघाला कोणी झुंजवलेच नाही. त्याचा सर्वांत कमी फरकाचा विजयदेखील ३२ गुणांचा होता. त्या स्पर्धेत सर्वाधिक काही पणाला लागले होते ते कांस्यपदकाच्या सामन्यात.

लिथुएनियात हा खेळ रुजला तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, अमेरिकेत वाढलेल्या लिथुएनियन वंशाच्या खेळाडूंमुळे. १९३७ साली रिगा येथे आणि १९३९ साली काउनास येथे लिथुएनियाने युरोपीय अजिंक्यपद पटकावले. काउनासला लॅटव्हियाविरुद्ध ३७-३६ असा विजय मिळवून देणारा प्रानास लुबिनास हा लॉस एंजेलिसचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेकडून सुवर्णपदक जिंकून आला होता. काउनासच्या विजयानंतर पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, सोव्हिएत युनियनने देश गिळंकृत केला आणि राष्ट्रीय संघ संपला.

बास्केटबॉल मात्र टिकला. काउनासच्या जाल्गिरिस क्लबने १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षे सोव्हिएत विजेतेपद मिळवले. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी होता मॉस्कोचा सीएसकेए, म्हणजे सोव्हिएत लष्कराचा क्लब. त्याला हरवण्याचा आनंद काउनासमध्ये निव्वळ खेळापुरता नसे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने उपांत्य सामन्यात अमेरिकेला ८२-७६ असे नमवले आणि पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचा कणा चार लिथुएनियन खेळाडूंचा होता : आर्विदास साबोनिस, शारूनास मार्चुलियोनिस, रिमास कुर्तिनाइटिस आणि वाल्देमारास खोमिच्युस. पदक स्वीकारताना त्यांच्यासाठी वाजले ते सोव्हिएत राष्ट्रगीत.

११ मार्च १९९० रोजी लिथुएनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी सोव्हिएत सैन्याने निःशस्त्र जमावावर रणगाडे घातले. त्या रात्रीच्या कारवाईत १४ जणांचा बळी गेला. जगाची मान्यता सप्टेंबर १९९१ मध्ये आली. ऑलिंपिकला तेव्हा वर्षही उरले नव्हते आणि नव्या सरकारकडे संघावर खर्च करायला पैसा नव्हता.

संघ उभा करण्याची धडपड मुख्यतः मार्चुलियोनिसची. १९८९ पासून तो अमेरिकेच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून खेळत होता. त्या संघाचा सहायक प्रशिक्षक डॉनी नेल्सन त्याच्या मदतीला धावला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रातील या धडपडीची बातमी ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाच्या वाचनात आली आणि त्यांनी पैसे दिले. सोबत पिवळ्या, हिरव्या व लाल या राष्ट्रध्वजाच्या रंगांत बांधणीसारखे रंगवलेले टी-शर्टही आले. त्यांवर चेंडू बास्केटमध्ये आदळणारा हाडांचा सापळा होता.

मुख्य प्रशिक्षक व्लादास गारास्तास हे जाल्गिरिसचे जुने प्रशिक्षक. सोलच्या चौघांखेरीज सेर्गेयुस योवाइशा, आर्तूरास कार्निशोवास, गिंतारास एइनिकिस असे खेळाडू संघात होते. स्पेनमधील युरोपीय पात्रता स्पर्धेतून संघ मुख्य फेरीत आला. साखळीत तो एकदाच हरला, संयुक्त संघाकडून. उपांत्यपूर्व फेरीत त्याने ब्राझीलला ११४-९६ असे हरवले. उपांत्य सामन्यात ड्रीम टीमने त्याचा १२७-७६ असा धुव्वा उडवला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाने संयुक्त संघाला ७५-७४ असे एका गुणाने हरवले होते. त्यामुळे साखळीतली गाठ पुन्हा पडली, या वेळी पदकासाठी.

संयुक्त संघातले अलेक्सांद्र वोल्कोव आणि वालेरी तिखोनेन्को हे चार वर्षांपूर्वी याच चौघांबरोबर सुवर्णपदक जिंकलेले सहकारी. एकमेकांचा खेळ दोन्ही बाजूंना तोंडपाठ होता. मार्चुलियोनिसने २९ गुण केले. २२१ सेंटिमीटर उंचीच्या साबोनिसने २७ गुण आणि १६ रिबाउंड (बास्केट हुकल्यावर परतलेला चेंडू पकडणे) मिळवले. टाचेमागचा स्नायुबंध तुटल्याच्या दुखापतीमुळे त्याची पूर्वीची चपळाई राहिली नव्हती, हे लक्षात घेतले तर हा खेळ अधिकच मोठा ठरतो. सामन्यानंतर राष्ट्रप्रमुख व्हितौतास लँड्सबर्गिस स्वतः खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि शॅम्पेनमध्ये न्हाऊन निघाले. पदक घ्यायला संघ आला तो ते रंगीत टी-शर्ट घालूनच. दुसऱ्या क्रमांकावरचा क्रोएशियाही तेव्हा नुकताच स्वतंत्र झालेला होता.

सोलचे सुवर्ण की बार्सिलोनाचे कांस्य, यांत या खेळाडूंनी कांस्याला अधिक मान दिला आहे, आणि वरचा इतिहास पाहता ते पटते.

पुढे १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकमध्येही लिथुएनियाने कांस्यपदक राखले, २००३ साली युरोपीय अजिंक्यपद परत मिळवले आणि २०२३ च्या विश्वचषकात अमेरिकेला ११०-१०४ असे हरवले. साबोनिस २०११ पासून दहा वर्षे देशाच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष होता. १९९६ साली अमेरिकेत जन्मलेला त्याचा मुलगा दोमांतास लिथुएनियाकडूनच खेळतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो राष्ट्रीय संघात होता.