एक्सचेंजच्या टेम्प्लेटमध्ये एक्सचेंज का नसतं?

टेम्प्लेटवर (व्हर्च्युअल मशिनच्या, म्हणजे व्हीएमच्या तयार साच्यावर) राइट क्लिक, नाव आणि आयपी भरा, थोड्या वेळात विंडोजचं कोरं व्हीएम तयार, मग स्क्रिप्ट चालवून त्यावर मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्सचेंज बसवायचा, हे बऱ्याच आयटी टीमचं आता नेहमीचं काम झालंय. टीममध्ये नवीन आलेला पोरगा हमखास विचारतो की एक्सचेंजसकटच टेम्प्लेट का नाही करून ठेवत, दरवेळी तो लांबलचक सेटअप कशाला. प्रश्न रास्त आहे, फक्त उत्तर थेट २००० सालात जातं.

एक्सचेंज ५.५ पर्यंत मेल सर्व्हरची स्वतःची डिरेक्टरी (वापरकर्ते, सर्व्हर यांची नोंदवही) असायची. एक्सचेंज २००० मध्ये ती गेली आणि सगळा कारभार विंडोज २००० सोबत आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीकडे (एडी, विंडोज नेटवर्कची मध्यवर्ती नोंदवही) गेला. म्हणजे सर्व्हर कुठला, त्यावर डेटाबेस कुठले, कनेक्टर (मेल ये-जा करायचे मार्ग) कुठले, ही बरीचशी नोंद मशिनवर नाही तर एडीत, आणि ती पण सर्व्हरच्या नावाखाली. आता अशा मशिनचा क्लोन मारून नाव बदललं तर त्याची अवस्था सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मालकासारखी, ताबा आहे पण कागद नाही. म्हणून एक्सचेंज टाकल्यावर नाव बदलणं, सिसप्रेप मारणं (क्लोनसाठी विंडोजची मशिनची ओळख पुसणं) हे मायक्रोसॉफ्ट सपोर्टच करत नाही.

याचा फायदा पण आहे बरं का. सर्व्हर पार मेला तर टेम्प्लेटमधून त्याच नावाचं कोरं विंडोज उठवायचं, एडीतलं कॉम्प्युटर अकाउंट रीसेट करायचं आणि सेटअप रिकव्हरसर्व्हर मोडमध्ये चालवायचा, बहुतेक सेटिंग एडीतून आपोआप परत येतात, डेटाबेस तेवढे बॅकअपमधून आणायचे. २००३ च्या काळात सेटअपच्या याच पर्यायाला डिझास्टररिकव्हरी म्हणायचे.

टेम्प्लेटची बाजू वेगळीकडून आली. व्हीएमवेअरचं ईएसएक्स (एका फिजिकल मशिनवर बरीच व्हीएम चालवणारं हायपरव्हायजर) २००१ ला, ती व्हीएम सांभाळणारं व्हर्च्युअलसेंटर २००३ ला. तेव्हा विंडोज २००३ चा टेम्प्लेट कस्टमाइझ करायचा तर सीडीवरच्या डिप्लॉय.कॅब मधून सिसप्रेपच्या फाइली काढून व्हर्च्युअलसेंटर सर्व्हरवर त्या त्या विंडोजच्या फोल्डरमध्ये हाताने टाकायला लागायच्या, फोल्डर चुकला की कस्टमायझेशनच्या नावाने बोंब. विंडोज २००८ पासून सिसप्रेप आतच आलं, तो ताप संपला.

पण मेल सर्व्हर व्हीएमवर टाकायची हिंमत फार जण करत नव्हते, कारण सपोर्टला फोन केला तर फिजिकलवर हाच प्रॉब्लेम करून दाखवा असं ऐकायला मिळू शकायचं. १९ ऑगस्ट २००८ ला मायक्रोसॉफ्टने धोरण बदललं, विंडोज २००८ वर एक्सचेंज २००७ एसपी१ (सर्व्हिस पॅक १) असेल तर व्हीएमवेअरसकट तपासलेल्या हायपरव्हायजरवर सपोर्ट सुरू. युनिफाइड मेसेजिंगचा (व्हॉइसमेल मेलबॉक्समध्ये आणणारा) रोल मात्र २०११ पर्यंत बाहेरच राहिला. एक्सचेंजच्या व्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेऊन मागे जाणं तर आजही चालत नाही, डायनॅमिक मेमरीही (गरजेप्रमाणे मेमरी कमीजास्त करणं) नाही, आणि खरं सांगायचं तर या दोन्ही अटी सर्रास मोडल्या जातात.

ऑटोमेशनला खरा जोर एक्सचेंज २००७ ने आला, कारण पॉवरशेल, म्हणजे विंडोजची स्क्रिप्टची भाषा. विंडोज फीचर, डॉटनेट (एक्सचेंज चालायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क), मग सेटअप, मग सर्टिफिकेट आणि व्हर्च्युअल डिरेक्टरी, सगळं स्क्रिप्टमध्ये. यात डॉटनेट सगळ्यात खोडसाळ. २०१६ च्या सुरुवातीला विंडोज अपडेटमधून डॉटनेट ४.६.१ यायला लागलं आणि एक्सचेंज टीमलाच सांगायला लागलं की हे आत्ता टाकू नका, सपोर्ट नाही. टेम्प्लेट डोळे झाकून अपडेट करायची सवय असलेल्यांनी तिथे मार खाल्ला.

क्लाउडवर टेम्प्लेट म्हणजे इमेज राहिली नाही, टेक्स्ट फाइल झाली, अ‍ॅमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन २०११ ला, अ‍ॅझ्युरचे एआरएम टेम्प्लेट त्यानंतर काही वर्षांनी. त्या फाइलीतून नेटवर्क, डिस्क, डोमेन कंट्रोलर, एक्सचेंजची मशिनं सगळं उभं राहतं, पण अ‍ॅझ्युरने १५ नोव्हेंबर २०१७ नंतरच्या बऱ्याच प्रकारच्या सबस्क्रिप्शनवर बाहेर जाणारा पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) बंद केला, त्यामुळे तिथे मेल बाहेर पाठवायला पोर्ट ५८७ वरून रिले (मेल पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) लागतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला एक्सचेंज २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट संपला. २०१९ वाले त्याच मशिनवर एक्सचेंजची पुढची आवृत्ती, सबस्क्रिप्शन एडिशन, चढवू शकतात, २०१६ वाल्यांना नवीन व्हीएम उभं करून मेलबॉक्स हलवण्याशिवाय पर्याय नाही, आणि या एडिशनला विंडोज सर्व्हर २०१९ किंवा पुढचं लागतं, म्हणजे विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चे जुने टेम्प्लेट आता डिलीट मारायला हरकत नाही.