महाधमनीचा फुगवटा आणि स्टेंट-ग्राफ्ट: आधी मिळालेला फायदा पुढे का विरतो

कोल्हापुरात साठी ओलांडलेला, वर्षानुवर्षे विडी ओढलेला माणूस प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी करायला जातो आणि रिपोर्टमध्ये भलतंच निघतं: पोटातली महाधमनी फुगलेली. तिची रुंदी साधारण 2 सेंमी असते. 3 सेंमीच्या वर गेली की फुगवटा म्हणतात. पुरुषांत 5.5 सेंमीपर्यंत सहसा नजर ठेवतात, कारण त्याआधी ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं आहे. दुखत काहीच नाही, म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. घात तिथेच होतो, कारण न दुखता वाढलेला फुगवटा फुटू शकतो.

1951 मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग कापून मृत दात्याची धमनी जोडली. पुढे तिच्या जागी डेक्रॉन या कृत्रिम धाग्याची विणलेली नळी आली. हे ऑपरेशन टिकाऊ. पण पोट उघडायचं, महाधमनीला चिमटा लावायचा, हे कमजोर हृदयाला झेपत नाही. अशाच रुग्णांसाठी 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीवरची कापडी नळी, आत नेला. फुगवट्याच्या पिशवीत ही नळी बसली की रक्त तिच्यातूनच वाहतं आणि पिशवी बाजूला बंद होते. त्याआधी युक्रेनमधल्या खारकिव्हमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत असाच ग्राफ्ट बसवला होता, पण त्यांचं नाव बाहेर उशिरा पोचलं.

आजचा ग्राफ्ट विजारीसारखा असतो: वर एक धड, खाली दोन पाय. एका जांघेतून धड आणि एक पाय, दुसऱ्या जांघेतून उरलेला पाय. किडनीच्या धमन्यांखाली धमनीचा निरोगी पट्टा, म्हणजे 'मान', बहुतेक ग्राफ्टना 10 ते 15 मिमी लागतो. ग्राफ्ट मानेपेक्षा 10 ते 20 टक्के मोठा निवडतात. मान आखूड, वाकडी किंवा निमुळती असली तर ग्राफ्टच्या वरच्या टोकाची पकड नीट बसत नाही. पुढची बरीच दुखणी या मोजमापात ठरतात, म्हणून पातळ कापांचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तात औषध सोडून काढलेला धमन्यांचा सीटी, घाईत उरकू नये.

ब्रिटनमधल्या 'ईव्हीएआर-1' चाचणीत 1252 रुग्ण होते. ऑपरेशननंतरच्या 30 दिवसांत स्टेंट-ग्राफ्टच्या गटात 1.8 टक्के दगावले, उघड्या ऑपरेशनच्या गटात 4.3 टक्के. पण पुढच्या काही वर्षांत दोन्ही गट बरोबरीला आले, आणि आठ वर्षांनंतर स्टेंट-ग्राफ्टचा गट मागे पडला. मुख्य कारण: बंद केलेली पिशवी पुन्हा फुटली.

फुटण्याचं मूळ बहुतेक वेळा एंडोलीक, म्हणजे पिशवीत परत शिरणारं रक्त. प्रकार 1 मध्ये टोकाची पकड सुटते, प्रकार 3 मध्ये जोड निसटतो किंवा कापड फाटतं. ही दोन्ही तातडीने दुरुस्त करावी लागतात. प्रकार 2 मध्ये कमरेच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटं येतं. ते बऱ्याचदा आपोआप थांबतं. पिशवी वाढत असेल तरच उपाय करतात.

म्हणून पहिला सीटी महिन्याभरात, पुढचा वर्षाने. पिशवी आक्रसत असेल आणि गळती नसेल तर नंतर दरवर्षी डॉप्लर सोनोग्राफी चालते. त्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीटीसाठी रक्तात सोडायचं औषध, लागत नाही, किडनी वाचते. ही सोनोग्राफी कोल्हापुरातच होते. पुण्या-मुंबईला बसवलेल्या ग्राफ्टसाठी दर वेळी तिकडे जावं लागत नाही. मात्र मागच्या वर्षीचं पिशवीचं माप आणि ग्राफ्टचं कार्ड सोबत न्यायचं, कारण तुलना केल्याशिवाय वाढ कळत नाही.