शांत वाटेवर चालताना मेंदूत काय घडते?

पुण्यात पहाटे वेताळ टेकडी, तळजाई किंवा हनुमान टेकडी चढणाऱ्यांना कारण विचारले, तर बहुतेक जण रक्तदाब, साखर नाहीतर वाढलेले वजन सांगतात. ‘डोके शांत होते’ हे कारण सर्वांत शेवटी आणि काहीशा संकोचाने येते. मानसशास्त्रज्ञांना गेली काही दशके कुतूहल आहे ते मात्र याच कारणाचे.

मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ मध्ये या अनुभवाची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या मते आपले लक्ष दोन प्रकारे काम करते. हिशेब तपासताना किंवा भर गर्दीत सिंहगड रस्त्यावर दुचाकी चालवताना आपण ते प्रयत्नपूर्वक एका ठिकाणी खिळवून ठेवतो आणि मध्ये येणाऱ्या इतर गोष्टी सतत दाबून टाकतो. हे दाबून टाकण्याचे कामच मेंदूला दमवते. दुसऱ्या प्रकारचे लक्ष आपोआप वेधले जाते, पण त्यातही फरक आहे. कर्कश हॉर्न ते हिसकावून घेतो, तर वाऱ्याने वाकणारे कुसळी गवत, सरकणारे ढग किंवा पळसाच्या फुलांवर उतरलेली साळुंक्यांची झुंबड ते हलकेच धरून ठेवते आणि मनात इतर विचारांना जागाही उरते. दमलेले लक्ष तेवढ्या वेळात सावरते आणि एरवी बाजूला पडलेले प्रश्न उरलेल्या जागेत वर येतात.

या कल्पनेची चाचणी मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी ३८ जणांना सुमारे ५० मिनिटे चालायला पाठवले, एकदा वनस्पती उद्यानातून आणि एकदा शहराच्या वर्दळीतून. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगण्याच्या परीक्षेत उद्यानातून आल्यावर त्यांची कामगिरी स्पष्टपणे सुधारली. कडाक्याच्या थंडीत चाललेल्यांना ती फेरी फारशी सुखाची वाटली नव्हती, तरीही लाभ झाला. म्हणजे तो केवळ मूड सुधारल्यामुळे झाला नव्हता. पुढे २०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या गटाला असे आढळले की ९० मिनिटे निसर्गात चालल्यावर तेच ते विचार उगाळत बसण्याची प्रवृत्ती कमी झाली आणि कपाळामागच्या मेंदूतील त्याच्याशी संबंधित एका लहान क्षेत्राची हालचालही मंदावली. वर्दळीच्या रस्त्याकडेने तेवढाच वेळ चाललेल्यांमध्ये असा बदल दिसला नाही.

हे प्रयोग लहान आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय नुसत्या चालण्याचाही स्वतंत्र परिणाम असतो: भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा अधिक नव्या कल्पना सुचल्या, असे स्टॅनफर्डमधील २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून ज्या प्रयोगांत दोन्ही बाजूंनी माणसे सारखीच चालली, त्यांचेच वजन मला अधिक वाटते.

गावाकडची शांतता हा याला जोडूनच येणारा विषय. तिथे आवाज नसतात असे नाही, पण पार्श्वभूमीचा गोंगाट कमी असल्याने कानाला दूरवरचे ऐकू येते. आपल्याकडे निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि या मोजपट्टीवर दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. थंडीतल्या निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवेत ध्वनी थोडा हळू जातो, त्यामुळे ध्वनिलहरी वर निसटण्याऐवजी खाली वळतात. कार्तिकात शेजारच्या गावातली काकड आरती अंगणात ऐकू येते, यामागे हे एक कारण असते. ऊन चढले की जमीन तापते, लहरी वर वळू लागतात आणि तोच आवाज पोचेनासा होतो. कॅप्लन यांच्या मांडणीत, मन विसावण्यासाठी भोवतालाचा विस्तार जाणवणे ही एक अट आहे आणि तो विस्तार डोळ्यांइतकाच कानांनीही कळतो.

त्यांची आणखी एक अट आहे, ती म्हणजे नेहमीच्या कामापासून दूर असण्याची. ग्रामीण जीवनाचे गोडवे गाणारे शहरी लेखन ती सहसा विसरते. वीज रात्री येणार म्हणून विहिरीवरचा पंप सुरू करायला निघालेल्या शेतकऱ्यासाठी तोच बांध कामाचीच जागा असतो. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात तर अंधार पडल्यावर बिबट्याच्या धास्तीने लक्ष क्षणभरही सैल सोडता येत नाही. तेव्हा गावात राहणाऱ्यालाही स्वतःच्या शिवारापलीकडची, कामाशी संबंध नसलेली वाट लागते. मुळशी, भोर आणि राजगड तालुक्यांत देवरायांकडे जाणाऱ्या पायवाटा अजून आहेत. माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तो मुख्यतः त्यांतील वनसंपदेसाठी. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, ही जुनी रीत असल्याने करण्यासारखे कामही फारसे नसते. बिबट्याचा वावर असलेल्या भागात मात्र अशा फेरीसाठी पहाटेपेक्षा ऊन वर आल्यानंतरची वेळ निवडावी आणि सोबत कुणीतरी असावे.