काळ्या पट्ट्या कुठून आल्या? टीव्हीच्या 'पिक्चर साइझ'मागची गोष्ट

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पिक्चर साइझ' किंवा 'आस्पेक्ट रेशो' उघडलं की १६:९, ४:३, झूम, वाइड झूम, १४:९, जस्ट स्कॅन अशी यादी समोर येते. रुंद चौकटीचा सिनेमा लावल्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि त्या घालवण्यासाठी बरेच जण ही यादी चाळू लागतात. खरं तर यातला जवळजवळ प्रत्येक पर्याय कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे. अडचण कधीच संपली, तोडगा मेनूत राहिला.

सुरुवात टीव्हीच्या कितीतरी आधीची. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांइतकी उंची दिली. त्यातून रुंदी-उंचीचं प्रमाण आलं ४:३. पुढे बोलपटांत आवाजाची पट्टी फिल्मच्याच कडेला आली आणि चित्र आक्रसून जवळपास चौकोनी झालं. १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकॅडमीने १.३७ (म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंदी) हे प्रमाण ठरवून चौकट पुन्हा मूळच्या जवळ आणली. टीव्ही आला तेव्हा सिनेमाचा आकार हाच होता, म्हणून टीव्हीनेही ४:३ उचललं. दोघांचं छान जमत होतं.

बिनसलं ते १९५० च्या आसपास. अमेरिकेत लोक घरी बसून टीव्ही पाहू लागले, थिएटरं ओस पडायला लागली. घरच्या डब्यात मावणार नाही असं काहीतरी दाखवणं स्टुडिओंना भाग होतं. १९५२ मध्ये सिनेरामा आला: तीन प्रोजेक्टर आणि एक प्रचंड वक्र पडदा. दिपवणारा, पण फार थोड्या थिएटरांना झेपणारा. खरी बाजी मारली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने, १९५३ च्या 'द रोब'पासून, सिनेमास्कोप आणून. त्यामागचं भिंग फ्रान्सच्या आंरी क्रेतिएँ यांनी १९२० च्या दशकातच बनवलं होतं. ते कॅमेऱ्यावर चढवलं की रुंद दृश्य आडवं दाबलं जाऊन साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर बसायचं, आणि प्रोजेक्टरवरचं भिंग ते पुन्हा दुप्पट रुंद करायचं. थिएटरवाल्याला भिंग आणि पडदा बदलला की काम भागत होतं. हे प्रमाण आधी २.५५ होतं, मग २.३५ झालं, आणि १९७० नंतर २.३९, पण बोलताना अजूनही सर्रास २.३५ च म्हटलं जातं. ज्यांना हे भिंगाचं प्रकरण नको होतं त्यांनी नेहमीच्या चित्राचा वरचा-खालचा भाग झाकून चौकट रुंद केली. त्यातून युरोपात १.६६ आणि अमेरिकेत १.८५ रुळलं.

टीव्हीला हरवण्यासाठी केलेले हे सिनेमे पुढे टीव्हीलाच विकले गेले, आणि पंचाईत झाली. २.३५ चं चित्र ४:३ च्या काचेवर पूर्ण उंचीने भरायचं तर सुमारे ४३ टक्के रुंदी फेकून द्यावी लागते. उपाय निघाला 'पॅन अँड स्कॅन': प्रत्येक दृश्यात महत्त्वाचं काय ते ठरवायचं आणि तेवढीच खिडकी चित्रावरून सरकवायची. दोन पात्रं पडद्याच्या दोन टोकांना उभी असली तर एकाला बाहेर काढायचं, नाहीतर सिनेमात नसलेला कट घालायचा. दिग्दर्शकाने महिनोन् महिने जुळवलेली चौकट दुसराच कुणीतरी कापायचा, आणि प्रेक्षकाला पत्ताही नसायचा. दुसरा मार्ग लेटरबॉक्सचा होता: चित्र अख्खं ठेवायचं, वर-खाली काळं सोडायचं. लहान टीव्हीवर ती चिंचोळी पट्टी पाहून लोक वैतागायचे. १९८० च्या दशकात लेझरडिस्कच्या (डीव्हीडीच्या आधीच्या, सिनेमाच्या मोठ्या तबकड्यांच्या) शौकिनांनी मात्र ती आग्रहाने मागून घेतली.

याच दशकात नव्या हाय-डेफिनिशन टीव्हीचा आकार ठरत होता. अमेरिकेतले अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित प्रमाणांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. त्या सगळ्यांना सामावणाऱ्या बाहेरच्या आयताचं आणि सगळ्यांत समाईक असलेल्या आतल्या आयताचं प्रमाण एकच निघालं, सुमारे १.७८, म्हणजे १६:९. हिशोब सुरेख आहे, पण लक्षात घ्या, सिनेमा या आकारात बनत नव्हता. १६:९ ही तडजोड आहे. म्हणूनच १९२० × १०८० च्या पडद्यावर १.८५ चा सिनेमा वर-खाली जेमतेम २१-२१ ओळी सोडतो, २.३९ चा १३८-१३८ ओळी, आणि जुना ४:३ चा कार्यक्रम डावी-उजवीकडे २४०-२४० पिक्सेल मोकळे ठेवतो.

मेनूतली गर्दी वाढली ती याच संक्रमणात. रुंद टीव्ही घरी आला, पण प्रसारण बराच काळ ४:३ च राहिलं. मग 'वाइड' चित्र ताणू लागला आणि चेहरे एक-तृतीयांशाने रुंद झाले. 'वाइड झूम' मध्यभाग कमी आणि कडा जास्त ताणायचा. कॅमेरा आडवा फिरला की माणसं कडेला जाता जाता फुगताना दिसत. ब्रिटनमध्ये १४:९ हा मधला मार्ग निघाला, थोडं कापून, थोड्या पट्ट्या ठेवून. ओव्हरस्कॅन त्याहून जुना: काचेच्या नळीच्या टीव्हीत कडा नीट बसत नसत, म्हणून चित्र थोडं मोठं करून त्या लपवल्या जायच्या. सपाट पडद्याला याची गरज नाही, तरी काही टीव्ही अजूनही मुकाट्याने कडा कापतात. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' हे त्यावरचे उतारे.

म्हणून आज स्ट्रीमिंग असो वा ब्लू-रे, रुंद सिनेमासाठी १६:९ आणि ओव्हरस्कॅन बंद, एवढंच पुरतं. पट्ट्या व्हिडिओतच असतात. झूम करून त्या घालवल्या तर २.३९ च्या सिनेमाची पाव रुंदी जाते, म्हणजे पॅन अँड स्कॅनच, तेही खिडकी न सरकवता. झूमला खरं काम उरलंय ते एकाच ठिकाणी. सुरुवातीच्या काही डीव्हीडींवर रुंद सिनेमा पट्ट्यांसकट ४:३ च्या चौकटीत नोंदवलेला आहे. तो लावला की चित्राच्या चारही बाजूंना काळं दिसतं. तिथे बेधडक झूम करावं, सिनेमातलं काही जात नाही. फक्त सबटायटल खालच्या पट्टीत असतील तर तीही कापली जातात.